जागल

वऱ्हाडात थंडी पडू लागली की रात्री शेतांमधून दिवे हलताना दिसतात. तुरीला शेंगा धरलेल्या असतात, हरभरा घाट्यावर यायच्या बेतात असतो, कपाशीची एखादी वेचणी बाकी असते, आणि दिवस मावळला की रानडुकरं आणि रोही बांध ओलांडून आत शिरतात. एका रात्रीत उभं पीक आडवं होतं. म्हणून घरातला एक जण घोंगडी, बॅटरी आणि बडवायला एखादा रिकामा डबा घेऊन मचाणावर जाऊन बसतो. याला आमच्याकडे जागल म्हणतात. जागलीला जाणारा माणूस झोपायला जात नाही आणि खरं म्हणजे काम करायलाही जात नाही. तो जागं राहायला जातो. अलीकडे तिच्यात ओलिताची भर पडली आहे. पंपाची वीज कित्येकदा रात्रीच मिळते, त्यामुळे गव्हाला पाणी द्यायचं तर मध्यरात्री चिखलात उभं राहण्यावाचून इलाज नसतो.

लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माची बातमी सगळ्यांत आधी ज्यांना कळते, ते लोक असेच जागलीवर आहेत. मेंढरं राखत रात्रभर रानात बसलेले मेंढपाळ. राजवाड्यात कळत नाही, मंदिरात कळत नाही, शिरगणतीच्या कचेरीत तर नाहीच नाही. गाव झोपलेलं असतं आणि जे पोटासाठी जागे आहेत त्यांना सांगितलं जातं की भिऊ नका, मोठ्या आनंदाची गोष्ट आहे. ही कथा मी लहानपणापासून दर डिसेंबरात ऐकत आलो. ती यहूदियाच्या डोंगरात घडली, हे मला कळत होतं. पण ऐकताना डोळ्यांसमोर यायचं ते आमच्या शिवारातलं मचाण आणि खाली विझत आलेली शेकोटी.

आगमनकाळ आणि नाताळ यांवरच्या चिंतनांचं हे पुस्तक आहे. त्याला प्रस्तावना लिहिताना चिंतनांचा सारांश देण्याचा माझा विचार नाही. वाचक ती वाचणारच आहेत. मला लिहायचं आहे ते ज्या मातीत ती वाचली जातील तिच्याबद्दल. अमरावती-अकोल्याकडच्या ख्रिस्ती माणसाच्या तोंडी 'आनंद' हा शब्द येतो तेव्हा त्याच्या मागे काय काय उभं असतं, याबद्दल.

आधी कालगणनेचं थोडं. आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. वेदीवर जांभळं वस्त्र असतं. हिरव्या डहाळ्यांच्या कड्यात चार मेणबत्त्या लावतात आणि दर रविवारी एक-एक पेटवतात. ही प्रथा फार जुनी असेल असं वाटतं, पण ती १८३९ सालची आहे. हँबुर्गमध्ये योहान हिनरिच विखर्न नावाचा एक पाळक गरीब मुलांसाठी आश्रम चालवत असे. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून पोरं रोज त्याच्या मागे लागत. त्यानं गाडीच्या जुन्या चाकावर रोजची एक बारकी आणि रविवारची एक मोठी अशा मेणबत्त्या लावल्या आणि वाट पाहणं डोळ्यांना दिसेल असं करून ठेवलं. आश्रमातल्या पोरांसाठी काढलेली युक्ती पुढे जगभरच्या चर्चमध्ये गेली, ही गोष्ट वऱ्हाडच्या मंडळीनं तरी विसरू नये. त्याचं कारण पुढे येईलच.

तिसऱ्या रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी रंग येतो. हा आनंदाचा रविवार. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सर्वदा आनंद करायला सांगतो, त्यावरून या रविवाराचं लॅटिन नाव पडलं आहे. ते पत्र पौलानं तुरुंगातून लिहिलं. मला कायम गंमत वाटते ती याची, की पंचांगात आनंदाला चारातला एक रविवार दिला आहे आणि तोही नाताळच्या आधी. म्हणजे अजून काहीही हाती आलेलं नसताना.

पहिल्या रविवारचं वाचन मात्र आनंदाचं नाही, गोडही नाही. जागे राहा, धनी कोणत्या प्रहरी येईल सांगता येत नाही, असं ते बजावतं. आगमनकाळाचा पहिला शब्दच जाग.

मराठीनं इथे आपल्याला एक देणगी दिली आहे. 'जाग' आणि 'जागा' हे दोन शब्द एकमेकांना इतके लागून आहेत की 'तो जागा आहे' आणि 'त्याला जागा आहे' यांत कानाला फारसा फरक जाणवत नाही. लूकची सगळी कथा या दोन शब्दांत बसते. उतारशाळेत जागा नव्हती आणि रानात लोक जागे होते. ग्रीकमध्ये हा खेळ नाही. तो आपला आपल्यालाच सापडलेला आहे, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये, हे मला कळतं. तरी आगमनकाळात काय करायचं असतं, असं कोणी विचारलं तर मी याहून वेगळं उत्तर देऊ शकत नाही. जागं राहायचं आणि जागा करायची.

माझ्या आजीला मात्र या जागेबद्दल एक शंका होती. ती निरक्षर, पण कोठ्यातल्या गुरांचं तिला सगळं कळायचं. एका नाताळला पाळकसाहेब घरी आले होते आणि बाळ गव्हाणीत निजवल्याची कथा रंगवून सांगत होते. आजी मधेच म्हणाली, "लेकराले गव्हानीत निजवलं म्हंता, मंग त्या बैलाची वैरन कुठी टाकली?" पाळकसाहेब हसून म्हणाले, "आजी, ते काही लिहिलेलं नाही." त्यावर ती म्हणाली, "लिवलं नाई म्हनून बैल उपाशी ठेवता काय?"

घरात हा किस्सा आम्ही वर्षानुवर्षं हसत सांगितला. पुढे मला कळलं की लूकच्या मजकुरात बैल नाहीच, गाढवही नाही. ती दोघं यशयाच्या पुस्तकातल्या एका वचनावरून नंतर तिथे येऊन उभी राहिली. फ्रान्सिस ऑफ असिसीनं १२२३ साली ग्रेच्चो गावात खरोखरचा बैल आणि गाढव आणून गव्हाणीचा देखावा केला, तेव्हापासून तर त्यांना हलवायची कोणाची छाती नाही. पण मजकुरात बैल नसला तरी गव्हाण आहे, आणि जिथे गव्हाण आहे तिथे कुणाचं तरी जनावर आहेच. आजीचा प्रश्न वाटला होता तितका भाबडा नव्हता. देवाला जागा मिळाली ती कोणाच्या तरी घासातून. ज्याच्या घासातून मिळाली त्याच्या पोटाचं काय, हा शेतकऱ्याचा प्रश्न आहे, आणि तो चिंतनाच्या पुस्तकांत सहसा कोणी विचारत नाही.

लूकनं 'उतारशाळा' या अर्थी जो ग्रीक शब्द वापरला आहे, तोच पुढे शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठीही वापरला आहे. त्यामुळे ती धर्मशाळा नसून घरातली पाहुण्यांची खोली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. त्या काळच्या खेड्यातल्या घरात माणसं आणि जनावरं एकाच छपराखाली असत. जनावरं खालच्या अंगाला, माणसं जरा उंचावर, मध्ये गव्हाण. वऱ्हाडातलं जुनं मातीचं घर ज्यानं पाहिलं आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पाहुण्यांची खोली भरलेली होती म्हणून यजमानानं बाळंतिणीला घरातल्या ऊबदार कोपऱ्यात घेतलं असेल. असं वाचलं की निर्दयी धर्मशाळावाला या गोष्टीतून निघून जातो, आणि दरवर्षी नाटकात ती भूमिका करणाऱ्या पोराचं जरा नुकसान होतं. पण उरतं ते जास्त खरं वाटतं. गरिबाच्या गर्दीच्या घरात सरकून-सरकून केलेली जागा.

वऱ्हाडातल्या मंडळीचा आरंभ अशाच गर्दीतून झाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मिशनरी अकोला, अमरावती, खामगाव, अचलपूर या भागात येऊ लागले. सुरुवातीच्या वर्षांत ऐकणारे थोडे, स्वीकारणारे त्याहून थोडे. मग १८९६-९७चा दुष्काळ आला आणि तो विसरायच्या आत १८९९-१९००चा, ज्याला लोक छप्पनचा दुष्काळ म्हणत. विहिरी आटल्या, जनावरं गेली, माणसं रस्त्याच्या कडेला पडून राहिली. त्यातून जी पोरं वाचली त्यांच्यासाठी मिशननं अनाथालयं काढली. अकोल्याला मुलगे होते, खामगावला मुली होत्या. पंडिता रमाबाई पहिल्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरल्या आणि शेकडो मुलींना पुण्याकडे घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून वाढलं. त्याच रमाबाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं आणि ते काम उरकून ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. दुष्काळातल्या मुलींना कळेल अशी सोपी मराठी त्यांना हवी होती.

त्या काळात 'तांदळाचे ख्रिस्ती' अशी एक शिवी होती. पोटासाठी बाटलेले, असा तिचा अर्थ. आमच्या पणजीला ती लागू पडत होती आणि तिला तिची लाजही नव्हती. ती पाच-सहा वर्षांची असताना आई-बाप गेले आणि कोणीतरी तिला मिशनच्या दारात आणून सोडलं. आपलं गाव कोणतं हे तिला आठवत नव्हतं. आठवत होता तो पहिला नाताळ. आजीनं तिच्या तोंडून ऐकलेलं आम्हाला सांगितलं ते एवढंच, की त्या दिवशी गूळ मिळाला होता. धर्मांतराच्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ शाई खर्च झाली आहे. मला त्यात पडायचं नाही. पोटासाठी आलेल्या मुलीच्या श्रद्धेला कमी लेखणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की ज्या बाळाची ही कथा आहे त्याला अन्नाच्या भांड्यात ठेवलेलं होतं. बेथलेहेम या गावाच्या नावाचा हिब्रूत अर्थच भाकरीचं घर असा होतो.

आज या भागात पंथ अनेक आहेत. कॅथलिकांचा अमरावती धर्मप्रांत ८ मे १९५५ रोजी नागपूरपासून वेगळा झाला. प्रॉटेस्टंटांमध्ये अलायन्स मिशनची मंडळी, बुलढाणा-वाशिमकडे नाझरीन मंडळी. वाशिमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल नाझरीनांचंच. यवतमाळला १९५३ पासून तीस वर्षं युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, १९८३ साली ती पुण्याला गेली. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांसाठीचं मिशनचं रुग्णालय शंभर वर्षांहून जुनं आहे. फराळ मात्र सगळ्यांचा एकच. करंज्या, अनारसे, चिवडा. केकचं मिश्रण घरी कालवून डबा डोक्यावर घेऊन चाचांच्या बेकरीत भट्टीवर लाईन लावायची, हा अकोल्यातला आमचा लहानपणचा आगमनकाळ. दिवाळीत उरलेले आकाशकंदील स्वस्त मिळत. त्यांतला चांदणीच्या आकाराचा तेवढा निवडून आणायचा.

डिसेंबरच्या या चार आठवड्यांत वऱ्हाडाचं स्वतःचंही एक पंचांग चाललेलं असतं. ते शेजारी ठेवल्याशिवाय इथला आगमनकाळ वाचता येईल, असं मला वाटत नाही. ६ डिसेंबर नेहमीच आगमनकाळात येतो. त्या दिवशी १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले. इथल्या मंडळीतली कितीतरी घरं ज्या वस्त्यांतून आली, त्या वस्त्यांत तो दिवस पाळला जातो, आणि सकाळी अभिवादनाला जाऊन संध्याकाळी गीतांच्या तालमीला येणारी माणसं मी पाहिली आहेत. तोच दिवस ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या जन्माचा, १८६१ सालचा. आणि युरोपच्या पंचांगात तो संत निकोलसचा, ज्याचा पुढे लाल झग्यातला सांता झाला. एका तारखेवर एवढी गर्दी क्वचित होते.

बाबासाहेबांनंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येताना वलगावजवळ गाडगेबाबांनी प्राण सोडला. दरवर्षी नाताळच्या तोंडावर अमरावतीत गाडगेनगरला त्यांच्या पुण्यतिथीला लोक लोटतात, पंगती उठतात. आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं वाचन असतं. दऱ्या भरा, टेकड्या सपाट करा, वाट सरळ करा, असं अरण्यात ओरडणारा तो माणूस. अंगावर उंटाच्या केसांचं वस्त्र, खाणं टोळ आणि रानमध. प्रवचनात त्याच्याबद्दल बरंच सांगितलं जातं, पण वऱ्हाडी माणसाला तो ओळखीचा वाटतो वेगळ्याच कारणानं. चिंध्यांचा अंगरखा घातलेला, डोक्यावर गाडगं घेतलेला एक माणूस गावात येतो, आल्या आल्या खराटा हातात घेऊन रस्ते झाडायला लागतो, आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तनाला उभा राहून लोकांनाच प्रश्न विचारतो. वाट तयार करणं म्हणजे काय, हे आम्हाला योहानाच्या आधी गाडगेबाबांनी दाखवलं आहे. त्यांना ओढून ताणून ख्रिस्ती करण्याची काही गरज नाही. त्यांनी तर देवळातल्या देवालाही फारसं विचारलं नाही.

६ डिसेंबरला जन्मलेल्या त्या टिळकांचा ख्रिस्ताकडचा प्रवास याच बाजूनं झाला. नागपूरला काही काळ काढल्यावर राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. मराठी ख्रिस्ती माणसाचा नाताळ नंतर मराठीतच उजाडला, त्यात त्यांच्या भजनांचा वाटा फार मोठा आहे. 'उपासना संगीत' हातात घेतलं की ते कळतं. अर्थात त्यांच्याही आधी, १६१६ साली, थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं 'ख्रिस्तपुराण' ओवीत लिहून गोव्यात रायतूरला छापलं होतं. म्हणजे बेथलेहेमचा जन्म मराठी ओवीत येऊन चारशे वर्षं उलटून गेली. तरीही नाताळ म्हटला की काही मंडळींना इंग्रजी गाण्यांशिवाय सण झाल्यासारखं वाटत नाही. त्याचं मला वाईट वाटतं, आणि ते इथे लिहून ठेवतो.

टिळकांच्या गोष्टीत मला त्यांच्यापेक्षा लक्ष्मीबाई जवळच्या वाटतात. नवऱ्यानं धर्म बदलला आणि ही बाई पोरासह माहेरच्या माणसांत, सोवळ्या-ओवळ्यात, लोकांच्या बोलण्यात काही वर्षं काढत राहिली. ती पुढे त्यांच्याकडे गेली, १९००मध्ये तिनं स्वतःहून बाप्तिस्मा घेतला, आणि हे सगळं 'स्मृतिचित्रे'त अशा हसत्या शब्दांत लिहिलं की वाचणाऱ्याला त्या वर्षांचं दुःख उशिरा लागतं. आनंदाबद्दल लिहू पाहणाऱ्या कोणालाही मी ते पुस्तक आधी वाचायला सांगेन. लक्ष्मीबाई आनंदाची व्याख्या करत नाहीत.

आता अर्थाबद्दल. हा शब्दही आपल्या भाषेनं दुहेरी ठेवला आहे. जगण्याचा अर्थ तोच आणि अर्थशास्त्रातलाही तोच. वऱ्हाडात डिसेंबरात 'यंदा काही अर्थ नाही' असं कोणी म्हणालं तर तो तत्त्वज्ञान सांगत नसतो, कापसाचा भाव सांगत असतो. राज्याची एकाधिकार कापूस खरेदी १९७२ साली सुरू झाली. तिच्या काळात जिनिंगच्या बाहेर कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागत, आणि नंबर येईपर्यंत माणसं बैल बांधून रात्र-रात्र गाडीखाली थंडीत झोपत. सम्राटाच्या हुकमानं आपल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवायला रांगेत उभ्या राहिलेल्या एका सुताराची गोष्ट त्या रांगेतल्या माणसाला सांगितली असती तर तो इतकंच म्हणाला असता, "व्हय, असंच असते."

पुढे भाव पडले, कर्ज वाढलं आणि माणसं औषध पिऊ लागली. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या सहांपैकी पाच वऱ्हाडातले होते, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम. मरणं त्यानंतरही थांबली नाहीत. अशा जिल्ह्यात चर्चच्या दारावर 'आनंद करा' असा फलक लावताना हात थोडा थबकायला हवा. मी एका नाताळच्या उपासनेत बसलो होतो, जिथे बाहेरगावच्या उपदेशकानं सांगितलं की ज्याच्या मनात आनंद नाही त्याच्या विश्वासात खोट आहे. माझ्या पुढच्या बाकावर एक बाई बसली होती, तिचा नवरा दिवाळीआधी गेला होता. तिनं मान खाली घातली ती शेवटच्या प्रार्थनेपर्यंत वर केली नाही. त्या उपदेशकाचं बायबल वेगळं होतं काय, असं मला अजून वाटतं. माझ्या बायबलात तर जन्माच्या कथेला लागूनच हेरोदाची तलवार आणि बेथलेहेमच्या आयांचा आक्रोश आहे. मत्तयानं तो पुसून टाकलेला नाही.

त्याच वर्षी आमच्या मंडळीच्या पोरांची गीतफेरी निघाली तेव्हा त्या बाईच्या घरापुढे काय करायचं, असा प्रश्न आला. ढोलकी वाजवत जायचं तर कसं, आणि घर वगळून जायचं तर तेही बरं दिसत नाही. पोरं दारापर्यंत गेली, ढोलकी बाहेर ठेवली, आत जाऊन ओसरीत बसली. कोणी गायलं नाही. बाईनं चहा ठेवला, सगळ्यांना पुरेल इतकं दूध घरात नव्हतं, म्हणून शेजारून आणलं. अर्ध्या तासानं उठताना तीच म्हणाली, "एक म्हना तं." मग पोरांनी हळू आवाजात एक गीत म्हटलं, तेही पुरं नाही. या पुस्तकातल्या चिंतनांना माझी फूटपट्टी हीच आहे. त्या ओसरीत बसून जे वाचता येईल ते खरं. जे वाचताना संकोच वाटेल ते कितीही सुंदर असलं तरी चुकलेलं.

नाताळला जगभर गायलं जाणारं 'जॉय टू द वर्ल्ड' हे गीत आयझॅक वॉट्सनं १७१९ साली लिहिलं. ते जन्माचं गीत नाहीच. स्तोत्रसंहितेतल्या अठ्ठ्याण्णवाव्या स्तोत्रावर ते बेतलेलं आहे, आणि राजा पुन्हा येईल त्या दिवसाबद्दल आहे. म्हणजे आनंदाचं सगळ्यांत गाजलेलं गीतसुद्धा अजून न आलेल्या गोष्टीचं आहे. जर्मन पाळक डिट्रिच बोनहोफरनं १९४३च्या नोव्हेंबरात बर्लिनच्या तुरुंगातून मित्राला लिहिलं, की कोठडीतलं जिणं आगमनकाळासारखंच आहे. माणूस आशा धरतो, हे-ते करतो, आणि दार मात्र बाहेरूनच उघडावं लागतं. त्याला पुढे फाशी झाली. हे मी करुणेसाठी सांगत नाही. दार बाहेरून उघडावं लागतं, हे जागलीवरच्या माणसाला ठाऊक असतं. पहाट त्यानं आणायची नसते. त्यानं जागं राहायचं असतं, आणि राहिला तर पीक वाचतं.

मेळघाटाबद्दल वेगळं लिहायला हवं होतं, इथे थोडकंच. चिखलदऱ्याजवळ मरियमपूर आहे, आणि त्या डोंगरांत कोरकू बोलणारी ख्रिस्ती माणसं आहेत. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे. तिचं मराठीशी नातं नाही. तिथला आगमनकाळ आमच्यापेक्षा बेथलेहेमच्या जास्त जवळ आहे. नाझरेथहून बेथलेहेमची वाट दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि धारणीहून अमरावतीचीही साधारण तेवढीच. दिवस भरलेली बाई घाटातून गाडीत बसवून आणायची, आणि पुढे खाट मिळेल की नाही याची खात्री नाही, हे तिथे देखाव्यात मांडायचं चित्र नाही. मेळघाटातली बालमृत्यूंची बातमी गेली तीस वर्षं वर्तमानपत्रांत येते आहे. मरियेचं गीत म्हणताना, ज्यात भुकेलेले तृप्त होतात आणि सिंहासनावरचे खाली येतात, निदान आम्ही सपाटीवरच्यांनी आवाज जरा खाली ठेवावा.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल दोन शब्द. एका बैठकीत वाचू नये. रोज एक पान, तेही रात्री, जेवणं झाल्यावर. एखादं चिंतन पटलं नाही तर भांडावं, आजीसारखं मधेच तोंड घालावं. तिसऱ्या रविवारी मोठ्यानं वाचावं, घरात ऐकणारं एकच माणूस असलं तरी. दवाखान्यात रात्रपाळीला असलेल्या सिस्टरांनी ते टेबलाच्या खणात ठेवायला हरकत नाही, घंटी वाजली की मिटता येईल एवढ्याच लांबीची पानं आहेत. आणि शेतावर वाचत असाल तर बॅटरीचा उजेड पुस्तकापेक्षा बांधाकडे जास्त असू द्या. मधेच वीज आली तर पान दुमडून ठेवा आणि आधी मोटर चालू करा, गव्हाला पाणी द्यायचं राहून जाईल.